दक्षिणेस कन्येची खोली

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशी ओलांडलेले, धंदा अर्ज व दस्त लिहिणे, राहणार नांदेड.

गैरअर्जदार : फोनवरचा एक आवाज. नाव, वडिलांचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण, काहीही ठाऊक नाही.

साक्षीदार : एक, अर्जदाराची पत्नी. दोन, अर्जदाराची मुलगी लातुरात जिच्या घरी भाड्याने राहत होती ती घरमालकीण. तीन, उमरीकडचा एक गृहस्थ. त्याला साक्षीदार धरावे की फिर्यादी, हे अद्याप ठरलेले नाही.

कालावधी : सोयाबीन निघाल्यापासून हरभरा घाट्यावर येईपर्यंत, आणि पुढे चालू.

वरील मजकुरात एकही नाव नाही, ही लिहिणाराची गफलत समजू नये. उभ्या हयातीत मी नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय आणि धंदा यांशिवाय माणूस कागदावर उतरवला नाही. समोरचा म्हणाला की मला सगळा गाव ओळखतो, तरी मी त्याला आजोबांचे नाव विचारले. आता मात्र नाव लिहायला गेलो की हात थांबतो. तो का थांबतो हे सांगण्यासाठीच हा कागद करीत आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. त्याची खंत मी कधी बाळगली नाही, कारण कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली जे शिकायला मिळते ते कोणत्याही वर्गात शिकवीत नाहीत. माझे गुरू जुन्या वळणाचे होते. तकरार, फर्द, बयान हे निजामाच्या काळातले शब्द त्यांच्या तोंडी अखेरपर्यंत राहिले. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती ही की वस्तूला चार दिशा पाहिजेत. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस आणि दक्षिणेस काय, हे ज्या वस्तूविषयी कागद सांगत नाही ती वस्तू जगात कोठेच नाही असे समजावे. हे मी इतके मनावर घेतले की शेताच्या आणि प्लॉटच्या खरेदीखतातच नव्हे, म्हशीच्या विक्रीपत्रातही ती कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या दावणीशेजारी उभी आहे ते लिहीत आलो. शेजारच्या टेबलावरचा अर्जनवीस यावर हसत असे. परंतु माझा कागद कोणत्याही खिडकीतून परत आला नाही. लोक मला 'वकीलसाहेब' म्हणत, आणि मी त्यांना दुरुस्त करीत नसे.

आता मालमत्तेविषयी. एक स्कूटर, माझ्या नावे नोंदलेली, मुलीसाठी घेतलेली. मुलगी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला होती. पहिल्या वर्षी तिची खोली क्लासपासून लांब होती म्हणून गाडी लागली. त्या वर्षी थोडक्यात हुकले. दुसऱ्या वर्षी तिने क्लासच्या मागच्या गल्लीतच खोली घेतली, आणि गाडी घरमालकिणीच्या अंगणात पत्र्याखाली उभी राहिली. हे दुसरे वर्ष शेवटचे, असे घरात ठरले होते. तिने स्वतःच ठरवले होते.

दिवाळीला घरी आली तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, उभी राहून राहून बॅटरी गेली तिची. विकून टाका. मी टाकते अ‍ॅपवर."

जुन्या वस्तूंच्या त्या अ‍ॅपवर जाहिरात तिनेच टाकली. नंबर माझा दिला, कारण अभ्यासात फोन नको. आणि मला समोर बसवून, मी एखाद्या अडाणी पक्षकाराला सांगतो तसे तिने मला सांगितले.

"पैसे आपल्याला येणार असतील तर पिन टाकायचा नसतो. कुणी कोड पाठवला तर स्कॅन करू नका. ओटीपी सांगू नका. आणि गाडी बघायची म्हणला तर क्लासच्या चौकात बोलवा, खोलीवर नाही."

"पोरी, मी कोण आहे हे माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे म्हणूनच सांगून राहिले," ती म्हणाली, आणि तिची आई पदराआड हसली.

पहिला फोन आला तो भर कचेरीच्या वेळेला. माणूस घाईत होता. गाडी न पाहताच पसंत, भावात घासाघीस नाही, लगेच पैसे पाठवतो म्हणाला. "तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा, काका, आणि पिन टाका. पैसे खात्यात पडले म्हणून समजा."

मी आवाज चढवून, आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल असे विचारले, "पैसे देणारा तू आणि पिन टाकणारा मी, हा कायदा कोणत्या साली निघाला?"

फोन कट झाला. चहावाला टाळी देऊन म्हणाला, "वकीलसाहेबाला फसवायला निघालता गडी!" मी सगळ्यांना चहा पाजला. त्या चहाची आठवण आता बरी वाटत नाही. तो पहिला माणूस माझे दार बंद आहे एवढे पाहायला आला होता, आणि मी दार बंद करून निर्धास्त झालो होतो.

दुसरा आवाज दोन-तीन दिवसांनी आला. त्याला कसलीच घाई नव्हती.

"नमस्कार साहेब. बदली होऊन लातुरात आलोय. गाडी आवडली. पण माझी एक अडचण आहे, मला कच्चा कागद चालत नाही. लोक कोऱ्या फॉर्मवर सह्या मारून मोकळे होतात. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर जबाबदार कोण?"

"अगदी रास्त बोललात," मी म्हणालो.

"तुमच्याकडं कुणी चांगला दस्त लिहिणारा आहे का? त्याची फी मी देतो. आधी कागद बघतो, मग समोरासमोर व्यवहार."

"आपण त्याच्याशीच बोलत आहात."

पलीकडे क्षणभर शांतता झाली. त्या शांततेचा अर्थ मी आदर असा लावला.

"मग तर माझं नशीबच म्हणायचं, साहेब."

त्याने माझ्याकडे कधीच पैशाचा विषय काढला नाही. पिन विचारला नाही, कोड पाठवला नाही. मुलीने ज्या ज्या वाटा बंद करायला सांगितल्या होत्या, त्यांपैकी एकाही वाटेने तो आला नाही. तो कागद मागत होता, आणि कागद ही तर माझी स्वतःची पेठ होती.

मी ते विक्रीपत्र बाँड पेपरवर, घरी बसून, स्वतःच्या अक्षरात लिहिले. माझा फोटो चिकटवला, त्यावर अर्धी सही आणली, शेजारी अंगठा दिला. आरसी बुकाची आणि आधारची प्रत जोडली. साक्षीदार म्हणून पत्नीची सही घेतली. आणि सवयीप्रमाणे गाडीच्या चारी दिशा लिहिल्या : लातूर येथील अमुक गल्लीत, अमुक बाईंच्या अंगणात पत्र्याखाली उभी, पूर्वेस घरमालकिणीच्या स्वयंपाकघराची भिंत, पश्चिमेस लोखंडी गेट व गल्ली, उत्तरेस पाण्याचा हौद, दक्षिणेस विकणाराच्या कन्येची खोली.

पत्नीने सही करताना विचारले, "आवं, घेनाराचं नाव कुठंय ह्याच्यात?"

"गाडी भावाच्या नावे घ्यायची की बायकोच्या, हे त्याचे ठरायचे आहे. येईल तेव्हा भरू."

"म्हशीच्या कागदातबी तुम्ही नाव सोडत न्हाईत."

"हा माणूस शिकलेला आहे," मी म्हणालो.

फोटो पाठवले. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "साहेब, चारी दिशा! गाडीच्या कागदात कुणी लिहितं का हे? असा दस्त मी आयुष्यात पाहिला नाही." रविवारी येतो म्हणाला. रविवारी आला नाही, आणि सोमवारपासून त्याचा नंबर लागेनासा झाला.

मी पत्नीला सांगितले की त्याचा गाडी घेण्याचा बेत फिरला असावा. पण माझा एक रुपयाही गेलेला नाही. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "रुपया न्हाई गेला. मंग कागद कशाला घिऊन गेला तो?"

कोणी पक्षकाराने हाच प्रश्न विचारला असता तर मी त्याला बजावून सांगितले असते की कोरा रकाना सोडलेला कागद म्हणजे उघडे घर. पण तो कागद माझ्या अक्षरातला होता, आणि माझ्या अक्षरावर माझा विश्वास होता.

पुढे काही दिवस काहीच घडले नाही. मग एका दुपारी घरमालकिणीचा फोन आला.

"भाऊ, गाडी विकली का तुम्ही?"

"नाही ताई."

"मंग हे मुरुडहून एक जन गाडी न्यायला आलेत, ते? कागद हाय त्यांच्याकडं. तुमचा फोटू हाय, सही हाय. इसार दिलाय म्हनतेत."

मी फोनवर त्या माणसाला समजावले. तो शिव्या देत गेला. चार दिवसांनी दुसरा आला, तो लातुरातलाच. मग आणखी एक. गाडी एक, पण खरेदीदाराच्या कोऱ्या रकान्यात दर वेळी वेगळे नाव. त्या आवाजाने माझी जाहिरात स्वतःच्या नंबरावर पुन्हा टाकली होती, भाव पाडला होता, आणि ज्याला शंका येई त्याला तो माझा कागद पाठवीत असे. आगाऊ रक्कम त्याच्याकडे जात होती आणि माणूस माझ्या मुलीच्या दारात येत होता. पत्ता शोधण्याचे कष्ट कोणालाच पडत नव्हते. मी ते ठेवलेच नव्हते.

एका संध्याकाळी दिवेलागणीला मुलीचा फोन आला. ती हळू बोलत होती.

"पप्पा, एक जण गेला नाही अजून. गाडीवर बसलाय. म्हणतो, गाडी दे नाहीतर बापाला बोलव. मी लाईट बंद करून बसलेय."

"घरमालकीण कुठे आहे?"

"देवळात गेल्यात." मग आणखी हळू, "पप्पा, परवा टेस्ट आहे. अंधारात वाचता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी निघालो. लोहा, अहमदपूर मागे पडत गेले आणि मी मनात अर्जाचा मसुदा जुळवीत राहिलो. मसुदा जुळत नव्हता. 'माझी फसवणूक झाली' हे वाक्य लिहिले की पुढचे वाक्य येत नव्हते, कारण माझे काय गेले हे सांगता येत नव्हते.

गाडीवर बसलेला माणूस घरमालकीण परतल्यावर रात्रीच निघून गेला होता. अंगणात पोहोचलो तेव्हा साक्षीदारांच्या यादीतला तो उमरीचा गृहस्थ आधीच तेथे उभा होता. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात माझ्या विक्रीपत्राची छापील प्रत. सुनेला आरोग्य केंद्रात काम लागले, तिला येण्याजाण्यास गाडी हवी म्हणून त्याने पैसे पाठवले होते. उमरीहून लातूरपर्यंत तो एकटा आला होता. ओरडत नव्हता. घरमालकीण उंबऱ्यात उभी होती, तिने मला खुणेने गप्प राहायला सांगितले.

तो कागद डोळ्यांसमोर धरून एक एक अक्षर वाचत होता. जमीन मोजायला आलेला माणूस फिरतो तसा तो गाडीभोवती फिरला.

"पूर्वेला मालकिणीच्या सैपाकघराची भिंत." त्याने भिंतीला हात लावला. "हाय."

"पश्चिमेला लोखंडी गेट." मागे वळून पाहिले. "हाय."

"उत्तरेला हौद. हाय." हौदाच्या कडेला त्याने बोटांनी टकटक केले.

मग तो चौथ्या दिशेला वळला. तेथे हिरव्या रंगाचे एक दार होते आणि त्याची कडी आतून लावलेली होती.

"दक्षिणेला लेकीची खोली." तो त्या दाराकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला. "हे बी बरोबर हाय."

मी पुढे होऊन म्हणालो, "पाहुणे, हा कागद मी लिहिला आहे, पण पैसे मी घेतलेले नाहीत."

त्याने फोटोकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"फोटू तुमचा?"

"माझा."

"सही?"

"माझीच."

"अंगठा?"

"तोही माझाच. परंतु ज्याने तुमचे पैसे घेतले तो माणूस दुसरा आहे."

"सायेब, ह्या कागदात जे जे लिवलंय, ते ते हितं सापडलं. मंग पैशे घेतलेला मानूसच तेवढा कागदाभाईर कसा?"

मी त्याला आवाजाविषयी सांगितले, कोऱ्या रकान्याविषयी सांगितले. तो ऐकत होता, मध्येच मान हलवीत होता. घरमालकिणीने पाणी दिले ते त्याने प्यायले. शेवटी त्याने कागदाची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"खरं बोलत असाल तुम्ही. पर माझ्याजवळ तुमचा कागद हाय. त्याचा न्हाई." एवढे बोलून तो गेटकडे गेला. जाताना त्याने गाडीच्या सीटवरची धूळ हाताने पुसली, स्वतःची वस्तू असल्यासारखी.

मी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावरचे हवालदार तरुण होते आणि अदबीने बोलले.

"काका, अक्षर तुमचंच ना?"

"होय."

"सुंदर आहे. कागद तुम्हीच पाठवला?"

"होय."

"पैसे गेले का तुमचे?"

"नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवले. "तुमच्या नावानं तक्रारी आल्या तर आम्हाला तुम्हालाच बोलवावं लागेल, एवढं लक्षात ठेवा. तुमचा अर्ज मी घेतो. पण आधी ते चारी दिशांचं काय ते समजावून सांगा. गाडीला कशाला?"

मी समजावून सांगितले. आयुष्यात प्रथमच ते सांगताना मी तीन दिशांवरच थांबलो. त्यांनी अर्ज घेतला, सायबर शाखेकडे पाठवतो म्हणाले, पोच दिली. गाडी मी त्याच दिवशी टेम्पोत घालून नांदेडला आणली. त्याने काही फरक पडणार नाही हे मला टेम्पोतच कळले होते. गाडी हलली तरी दिशा तेथेच राहतात.

तसेच झाले. लोक येत राहिले, आणि अंगणात गाडी नाही हे पाहून अधिकच चिडू लागले. रिकाम्या पत्र्याखाली उभे राहून ते उरलेल्या एकाच गोष्टीकडे वळत. ती म्हणजे दक्षिणेकडचे दार. एकाने त्या दाराचा फोटो काढला. एकाने मुलगी क्लासहून येण्याची वेळ समोरच्या किराणा दुकानात विचारली.

घरमालकिणीने मला फोनवर सांगितले, "भाऊ, तुमची लेक माझ्या लेकीसारखी हाय. पर माझ्या घरात बाईमानूसच हाय समदं. कोन कवा येईल, सांगता येईना." तिने खोली सोडा असे शब्द उच्चारले नाहीत. उच्चारण्याची गरज नव्हती.

इकडे कडुनिंबाखाली एका सकाळी शेजारचा अर्जनवीस माझ्या टेबलाशी आला. त्याच्या खुर्चीसमोर एक अनोळखी माणूस बसला होता आणि त्याच्या मांडीवर ती ओळखीची छापील प्रत होती.

"मालक," तो हळूच म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय. तुमच्याच विरोधात अर्ज पाहिजे म्हणतंय. मी लिहू का तुम्हीच लिहिता? तुमचं अक्षर बरं आहे."

"लिही तू," मी म्हणालो. "वडिलांचे नाव चुकवू नकोस."

तो हसला नाही. मीही हसलो नाही. दिवसभर मला त्याच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता. चहावाल्याने त्या दिवशी मला वकीलसाहेब म्हटले नाही; नुसता कप ठेवून गेला.

आता माझ्याकडे कोणी जुनी गाडी, फ्रीज, शिलाई मशीन विकायचा कागद करायला आले, तर मी प्रथम विचारतो की घेणारा कोठे आहे. तो समोर नसेल तर मी लिहीत नाही. आधारची प्रत फोनवर मागणारा, कागदाचा फोटो आधी मागणारा, घाई न करणारा, गोड बोलणारा, यांची नावे मी जोरात घेतो, म्हणजे शेजारच्या टेबलालाही ऐकू जावे. चौकात भेटा, वस्तू दाखवा, पैसे खात्यात पडल्याचे स्वतःच्या बँकेत पाहा, मग सही करा, आणि पत्ता लिहू नका, असे सांगतो. काही लोक ऐकतात. काही दुसऱ्या टेबलावर जातात, कारण तेथे दिशा अजून लिहून मिळतात. माझे पाहून त्या टेबलवाल्यांनीही ती रीत उचलली होती.

मुलीने खोली बदलली. परीक्षा तोंडावर आलेली असताना, पुस्तकांची पोती एका रिक्षात घालून, कोणाला न सांगता. नवी खोली लागल्यावर तिने आईला फोन केला. मी बाजूलाच होतो, म्हणून फोन मागितला.

"कोणत्या भागात आहे, बाळ?"

"आईला द्या फोन," ती म्हणाली.

"कमीत कमी गल्ली तरी सांग. मी येतो, कडी-कोयंडा बघून जातो."

"पप्पा, चांगली जागा आहे. कडी पक्की आहे." मग फार मऊ आवाजात, "पत्ता नका विचारू. तुम्ही लिहून ठेवता."

मी फोन पत्नीच्या हाती दिला. तिला तो पत्ता ठाऊक आहे. ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. माझी मुलगी लातुरात कोठेतरी आहे. तिच्या पूर्वेस काय, पश्चिमेस काय, हे मला माहीत नाही. माझ्या गुरूंच्या हिशेबाने ती कोठेच नाही. आणि तीच तिची सर्वांत सुरक्षित जागा आहे, हे कबूल करताना माझी रात्रीची झोप जाते.

सबब, हा अर्ज कोणत्या कचेरीला करावा हे मला ठरवता आलेले नाही, म्हणून तो उघड्यावर करीत आहे. ज्या ज्या गृहस्थाच्या खिशात माझ्या अक्षरातला तो कागद आहे, त्या प्रत्येकास नम्र विनंती की आपले नुकसान खरे आहे आणि आपला राग रास्त आहे; त्याचा जाब मला विचारावा, माझ्या टेबलाशी येऊन, दिवसाढवळ्या, मी उत्तर देईन. परंतु कागदातील चौथी दिशा खोडलेली समजावी. त्या हिरव्या दाराआड आता दुसऱ्या कोणाची तरी मुलगी अभ्यास करीत बसलेली असेल, आणि तिला माझे नावही माहीत नसेल. ते दार वाजवू नये.

तसेच गैरअर्जदारास, तो जेथे असेल तेथे, हे कळवण्यात येत आहे की त्याच्याकडून मला पैसे नकोत. मला एका प्रश्नाचे लेखी उत्तर हवे आहे. तो कागद अजून किती हातांत जायचा आहे, ते कळवावे. उत्तर मिळेपर्यंत मी घरच्या गेटचा आवाज ऐकत बसलो आहे.

अर्जदार, सही नाकारून.